आपोआप भरलेला रकाना

मी एक जुनी नोंदवही आहे. लाल कापडी पाठीची, आणि मित्रांनो, जन्माची भित्री. वाळवीला भ्यायले, उंदराला भ्यायले, कुणी चहाचा कप घेऊन जवळ आलं तरी अंग चोरायची. पण खरी भीती मला दोन हजार आठ साली कळली.

त्याआधी कित्येक वर्षं अल्लीपूरच्या एका लहान दवाखान्यात अन्नपूर्णा सिस्टर माझ्यात बाळंतिणींची नावं लिहायच्या. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नावही माहेरचंच. एकदा नलू नावाच्या पोरीला पेनिसिलिनची सुई दिली आणि ती निळी पडली. कशीबशी वाचली. काय झालं ते तिच्या आईला सांगितलं. नलूला स्वतःला शुद्धच नव्हती, तिला ते कळलंच नाही. सिस्टरनी लाल शाईनं लिहिलं, 'पेनिसिलिन देऊ नये.' घाईघाईत लिहिलेली ती ओळ अजून वाकडी आहे.

मग कॉम्प्युटर आला. तो चालवणाऱ्या गजेंद्रनं माझ्यातली नावं, शेऱ्यांसकट, त्यात उतरवली. नवं नाव टाकलं की ऑनलाइन नोंद आपोआप तयार व्हायची. मला सुतळीनं बांधून रद्दीवर ठेवलं.

"सिस्टरबाई, आता काऊन माहेर इचारत बसता? सारं आपोआप होते."

"तुह्या कॉम्प्युटरचं लगन नाई झालं ना बाबू. त्याले माहेर कसं समजंन?"

एका सकाळी आर्वीहून तापानं फणफणलेली बाई आली. नाव सांगितलं, सुरभी. आवाज ऐकून मी दचकले. ही तर नलू! सुरभी हे लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव. कॉम्प्युटरला सुरभी सापडली नाही, म्हणून त्यानं नवी नोंद केली आणि कोरा रकाना स्वतःच भरला, 'औषधाची ॲलर्जी: नाही.' डॉक्टरांनी ते वाचलं आणि पेनिसिलिन लिहिलं.

सुई भरली गेली. ती लाल ओळ माझ्या पोटात कोंडलेली, वर सुतळीची गाठ, आणि मला तोंड नाही. मित्रांनो, तेवढी मी कधीच भ्यायले नाही.

सुई टोचण्याआधी सिस्टरनी सवयीनं विचारलं, "माहेर कोणतं व बाई तुहं?"

"इथलंच जी. माहेरी मले नलू म्हनते."

सुई तशीच ट्रेमध्ये गेली. सिस्टर धावत आल्या, कात्रीनं सुतळी कापली, पान उघडलं.

गजेंद्रनं ती ओळ वाचली आणि कॉम्प्युटरकडे पाहिलं. "मीच शिकवलं होतं त्याले, सिस्टरबाई. काई लिहिलं नसलं तं 'नाई' समज म्हणून."

आता कॉम्प्युटरात माहेरच्या नावाचाही रकाना आहे, आणि कोरी जागा कोरीच राहते. मी परत कपाटात आहे, अजूनही भिते. मला जपा असं म्हणत नाही. वाळवी आज ना उद्या येईलच. एवढंच करा बाळांनो, जे विचारलंच नाही, त्याच्यापुढे 'नाही' लिहू नका.