नियंत्रित गटाची मंडई

माझ्या बायकोला, दुर्गाला, पीएच.डी. करायची हुक्की आली तेव्हा मी म्हणालो, कर. वरठीच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून तिला मोटरसायकलवर गावोगाव फिरवणं माझ्याच कपाळी येणार आहे, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

विषय तिच्या बापाच्या जाळ्यातून निघाला. माझे सासरे भैयालाल तलावात मासे धरतात. मासे काढले की पाळीवरच, म्हणजे तलावाच्या बांधावरच, वाटे पडतात, कुणाला पूर्ण, कुणाला अर्धा, कुणाला पाव. लहानपणी तिथं बसूनच दुर्गा अपूर्णांक शिकली. शिक्षिका झाल्यावर तिनं चिंचोक्यांचे मासे करून वाट्यांचा खेळ बनवला. या खेळानं पोरं खरंच जास्त शिकतात का, हे तिला आकड्यांनी दाखवायचं होतं. फरक दिसला तर खेळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना शिकवू, असं तिचे मार्गदर्शक, भंडाऱ्याचे केशवराव सर, म्हणाले होते. नाही दिसला तर सगळी मेहनत मातीत.

असल्या प्रयोगाला दोन गट लागतात. आंबागडची पोरं खेळातून शिकणार, तो प्रायोगिक गट. टेकडीपलीकडच्या गावातली पोरं नेहमीसारखी खडू-फळ्यानं शिकणार, तो नियंत्रित गट. त्यांना खेळाचा वारासुद्धा लागता कामा नये, नाहीतर तुलना करणार कशाशी? मध्ये टेकडी आहे म्हणून तर तिनं ही गावं निवडली. पूर्वचाचणीत दोन्हीकडची पोरं सारखीच कच्ची निघाली आणि बाई खूश झाली.

पलीकडच्या गावात मोना नावाची एक पोरगी होती. तिनं दुर्गाची पिशवी चाचपून पाहिली.

"मॅडम, हे चिंचोके कायले?"

"आंबागडच्या पोरायले खेळाले."

"अन् आमाले काहून नाही?"

"तुमाले नंतर," दुर्गा म्हणाली. घरी येईपर्यंत ती गाडीवर ती पिशवी पोटाशी धरून बसली होती.

मग दिवाळी आली. आमच्याकडं भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावची जत्रा. दुकानं लागतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं आणि लेकी नवरा-पोरांसकट माहेरी येतात. आंबागडच्या मंडईला आम्हीही गेलो, माझ्या मामेबहिणीकडं. पलीकडचं गाव तर आख्खं उतरलं होतं, कारण तिथल्या निम्म्या पोरांचा मामा आंबागडचाच. ही सोयरीक आम्ही दोघं जन्मापासून बघतोय, पण गट पाडताना एकालाही आठवली नाही.

भर दुपारी मी जिलेबी घेऊन आलो, तर पिंपळाखाली आंबागडची डिंपल पाहुण्या पोरांना चिंचोक्यांचे वाटे पाडायला शिकवत होती. त्या घोळक्यात माझी विदुषी मांडी ठोकून बसलेली! चुकलं की सांगत होती, जमलं की टाळ्या पिटत होती. मोना तिला खेटून बसली होती. मला वाटलं, खेळाच्या नादात बाई प्रयोगच विसरली. पण इतकी गोड दिसत होती की मीही तिला हाक मारली नाही.

उत्तरचाचणी झाली. दोन्ही गावं तरबेज! फरक शोधून सापडेना.

मी भडकलो. "त्या गावच्या पोरायचे थोडे मार्क कमी करून टाक. कोन पाहून राहिलं?"

"शिकले मनून मार्क कापू?" तिनं असं काही पाहिलं की मी मुकाट चहा ठेवायला उठलो.

भंडाऱ्याला केशवराव सरांनी आकडे पाहून चष्मा काढला. "मॅडम, तुमचा नियंत्रित गटच उरला नाही. आता नवीन गाव घ्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून. एक वर्ष गेलं. मंडईत ती मुलं तुम्हाला ओळखूच आली नाहीत का?"

दुर्गा आकड्यांच्या कागदाची घडी घालू लागली. मला राहवेना. "सर, मंडईची गर्दी होती. कोन कोनाले वळखते?"

परतताना वरठीच्या अलीकडं टपरीवर थांबलो. चहा निवत होता, तिनं कपाला हात लावला नव्हता.

"गर्दीचं कारन नव्हतं जी," ती म्हणाली. "मी वळखलं होतं मोनाले. ते मांगं उभी राहून मान लांब करून पाहून राहिली होती. मले मालूम होतं, हे बसली का माहा प्रयोग गेला. तरी मी सरकली न् मनलं, ये, बस."

माझ्या तोंडाशी आलेली शिवी कुठं गेली कोण जाणे. या बाईशी आपलं लग्न झालं याचा मला त्या टपरीवर भलताच अभिमान वाटला. तो सांगायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून मी तिच्यासाठी दुसरा गरम चहा सांगितला.

"आता सोयरीक नसलेलं गाव पाहा लागंल," ती म्हणाली.

आम्ही एकेक गाव आठवू लागलो. कुठं तिची आत्या निघाली, कुठं माझा साडू.

"मंग असं करा," ती डोळे पुसत हसली. "पुढच्या मंडईले मले घरात कोंडून ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो.

म्हणालो खरा. पण मोनासारखी एखादी त्या मंडईतही मागं उभी असणार, आणि तेव्हा दुर्गाला गाडीवर बसवून नेणारा मीच असणार.