बॅटरी वीक आहे

बारडोलीला माझ्या भावाच्या, महेशच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आमच्या आईचं नाव सरस्वती, म्हणून मी शारदा ठरवलं होतं. पण चुलत बहीण योगिता तिथल्या साखर कारखान्याच्या वसाहतीतच राहते, आणि तिने आधीच कळवून ठेवलं होतं, "सुमनताईला उशीर झाला तर मी आहेच. रिया छान नाव आहे." मुहूर्त बाराचा. आणि साडेदहाला उधन्यातल्या आमच्या गल्लीत आमची गाडी ढिम्म उभी.

गाडी सेकंडहँड, घेऊन आठवडा झालेला. आमचे हे, भाईदास, पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये मुकादम आहेत. तिथे यांच्या एका हाकेवर अख्खं खातं उठतं. गाडी उठेना. क्लच दाबायचा, चावी फिरवायची, पुन्हा क्लच, पुन्हा चावी. साधा खोकलासुद्धा नाही.

"बॅटरी," हे म्हणाले.

शेजारचे रिक्षावाले गणपतभाऊ बॉनेटमध्ये वाकले आणि म्हणाले, "बसली वो बॅटरी."

लूमवरचा वायरमन सुकदेव म्हणाला, "हॉर्न मारा."

हॉर्न असा वाजला की वरच्या मजल्यावरचं पोर दचकून रडायला लागलं. लाइटही लख्ख.

"बॅटरी टनाटन आहे," सुकदेव म्हणाला.

"मग वीक असेल," हे म्हणाले. यांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

धक्का मारावा तर पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आणि मागे भिंत. सासूबाई, धुरपदाबाई, नवं पातळ नेसून मागच्या सीटवर केव्हाच्या बसल्या होत्या. त्या मधूनच म्हणत, "भाईदास, मनं आयक ना जरा."

"माय, तू थांब. टेक्निकल शे."

शेवटी माझं डोकं फिरलं. "तुम्ही बसा बॅटरीची आरती करत. मी बसने जाते," म्हणाले आणि पिशवी उचलली.

"मंग मनी गोधडी तरी ली जाय," सासूबाई म्हणाल्या. "काल आठेच सीटवर ठेयेल व्हती."

सासूबाई मिलच्या चिंध्यांतून घरातल्या प्रत्येक वस्तूला गोधडी शिवतात. फ्रिजला आहे, मिक्सरला आहे, गॅसच्या सिलिंडरलाही आहे. सीटवर गोधडी नव्हती. हे हळूच खाली बघायला लागले, तसं सगळ्यांनी यांच्या पायांकडे पाहिलं. पेडलखाली गोधडी होती, चांगली दुहेरी घडी घालून.

"मला वाटलं, गाडीला शिवलीय," हे म्हणाले. "चिखल नको म्हणून." त्यांनी ती ओढून काढली. क्लच या वेळी पार तळाला गेला, आणि गाडी एका चावीत सुरू झाली.

"ह्या गाडीत क्लच पुरा दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही," सुकदेव म्हणाला. "विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," हे म्हणाले.

मी हसणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी गोधडी मांडीवर उलगडली. बरोब्बर मध्यावर बुटाचा ठसा.

"पोरीना पाळनामा टाकाले शिवेल व्हती," त्या म्हणाल्या.

महिनाभर त्या माझ्याकडून रोज सुई ओवून घेत होत्या. त्यांना दोरा दिसत नाही. मला फार वाईट वाटलं. यांनी तर मान खाली घातली, ती वर काढलीच नाही. सासूबाईंनी मात्र गोधडी झटकली, ठसा आत घेऊन घडी घातली आणि म्हणाल्या, "चाल आते. उशीर व्हयी ऱ्हायना."

पोचलो तेव्हा योगिता पाळण्यावर वाकतच होती. मी तिला हळूच बाजूला सारलं आणि बाळाच्या कानात शारदा सांगितलं. बाळाने जांभई दिली. बाहेर ओट्यावर हे, म्हणजे आता बाळाचे फुवा, महेशला सांगत होते, "गाडी एक नंबर. बॅटरी जरा वीक आहे."

पाळण्यात गोधडी अंथरताना तिचा कोपरा उलटला आणि योगिताला ठसा दिसलाच.

"अय्या, हे काय?" तिने विचारलं.

"आशीर्वाद शे," सासूबाई म्हणाल्या. "तिना फुवाना. नऊ नंबरना."