पक्ष्यांच्या पुस्तकाची शिफारस

मित्रांनो, मी वाचनालयातले एक जुने पुस्तक आहे. माझ्या पानापानांत पक्षी आहेत. छापखान्यातून आलो तेव्हा माझे रंग इतके ताजे होते, की ग्रंथपालबाई मला दारासमोरच्या फळीवर मांडत आणि येईल त्याला म्हणत, "आधी हे न्या."

एकदा एक शिंपीकाका आले. काकूंच्या खुब्याचे हाड मोडले होते. हाड जुळले, पण काकू उठायचे नाव घेत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. काकांना त्यांना वाचून दाखवायला एखादी कादंबरी हवी होती. बाईंनी खाटेजवळ खिडकी आहे का, एवढेच विचारले आणि मला त्यांच्या हाती दिले.

काका रोज दुकान बंद करून आले की अडखळत वाचत. काकूंचे तोंड भिंतीकडेच असे. मग शिंपी पक्ष्याचे पान आले. हा चिमुकला पक्षी चोचीने पानांना भोके पाडतो, त्यांतून कापसाचे तंतू ओवतो आणि घरटे शिवतो, असे काकांनी वाचले.

भिंतीकडून आवाज आला, "उसवत नाही ना? नाहीतर तुमच्या शिवणीसारखंच."

काकांना हसावे की रडावे कळेना. बाहेरच्या झुडपात तसेच एक घरटे होते, पण खाटेवरून ते दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू एका हाताने काकांचा खांदा आणि दुसऱ्या हाताने मला घट्ट धरून खिडकीशी उभ्या राहिल्या. घरटे दिसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मीही नाही.

पुढे माझे दिवस फिरले. कुणीतरी घुबडाचे चित्र ब्लेडने कापून नेले. मुखपृष्ठ निखळले. बाई निवृत्त झाल्या आणि मी रद्दीच्या खोक्यात जाऊन पडलो. तेवढ्यात काठी टेकत काकू आल्या आणि नेमके मलाच मागू लागल्या. त्यांची नणंद नुकतीच एकटी पडली होती. नव्या ग्रंथपालांनी समजावून पाहिले, की याची पाने गेली आहेत, शिवाय आता मोबाइलवर सगळे मिळते.

"मिळत असेल," काकू म्हणाल्या, "पण मला तिच्या हातात काहीतरी द्यायचंय."

आता मी नणंदबाईंच्या टेबलावर आहे. त्यांनी मला अजून उघडलेले नाही. मित्रांनो, आमची चित्रे कापू नका, आणि आम्ही आवडलो तर आणखी कुणाला तरी सांगा. आम्हाला आपण होऊन कुणाच्या घरी जाता येत नाही.

आज कुठलासा पक्षी बराच वेळ ओरडत होता. नणंदबाई गॅलरीत जाऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.