मी झाकलेली भेग

राघवेंद्ररावांच्या लेकीच्या, राजश्रीच्या बारशाच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे त्र्याऐंशी साली, मी लातुरात त्यांच्या घरी आले. मित्रांनो, मी एक जुनी सागवानी अलमारी आहे. मकबूल मिस्त्रींनी मला महिनाभर खपून घडवलं. माझ्यात आधी बाळाची दुपटी राहिली, मग शाळेचे फ्रॉक, मग कचेरीचे कागद. येणारा-जाणारा माझ्या दारांवरून हात फिरवायचा. मला ते फार आवडायचं.

त्र्याण्णव साली भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं, पण मधल्या खोलीची दगडमातीची भिंत वरून खालपर्यंत फाटली. भेगेत माणसाचा हात जायचा. राघवेंद्ररावांनी ती चिखलाने लिंपली, वरून चुना मारला आणि मला तिच्यापुढे सरकवलं. पुढे भिंत नीट बांधू, असं ते म्हणत. आठ वर्षं गेली.

तोवर लातुरात शिकवण्यांचे वर्ग गल्लोगल्ली निघाले होते. गावोगावचे आईबाप मुलांसाठी जागा शोधत फिरत. राघवेंद्ररावांची बदली नांदेडला झाली आणि त्यांनी घर विकायला काढलं. रेवणसिद्ध नावाचा दलाल बघायला आला. त्याने पाणी प्यायच्या आधी मला बाजूला सरकवायला लावलं. भेग बघून म्हणाला, भाव कमी येईल, पण मी हे सांगूनच विकीन.

"तुला दलाल म्हणून बोलावलंय, डॉक्टर म्हणून नाही," राघवेंद्रराव हसत म्हणाले.

रेवणसिद्ध हसला नाही. "साहेब, तुम्ही जाताल नांदेडला. घेणाराला रोज तोंड दाखवायचं हाय ते मला."

त्याला वाटेला लावलं. दलाल कशाला, व्यवहार ओळखीत व्हावा, असं राघवेंद्रराव सगळ्यांना सांगू लागले. उमरीला त्यांचे शाळेपासूनचे मित्र उद्धव गुरुजी होते. त्यांची इरा दहावी झाली होती आणि तिला लातुरात शिकायचं होतं. गुरुजी पत्नीला, इंदूवहिनींना घेऊन आले. वहिनी सगळ्या भिंती निरखत माझ्यापुढे थांबल्या. हिच्यामागं बघावं का, असं त्यांनी हळूच विचारलं. गुरुजी ओशाळले.

"दोस्ताच्या घराची झडती घ्यायची का?"

राघवेंद्रराव लगेच म्हणाले, "वहिनी, ही अलमारी तुम्हालाच राहू द्या. आमची भेट समजा."

वहिनींचे डोळे भरून आले. मित्रांनो, मला पाय असते तर मी तेव्हा बाजूला झाले असते, असं सांगावंसं वाटतं. पण खोटं कशाला सांगू? माझं कौतुक झालं म्हणून मला त्या दिवशीही बरंच वाटलं. गुरुजींनी घर घेतलं. दसऱ्याला वहिनींनी मला हळदकुंकू लावलं. इराने तिची पुस्तकं माझ्या हवाली केली.

दुसऱ्या पावसाळ्यात पुस्तकांना ओल लागली. मायलेकींनी मला ओढून पुढे घेतलं, तेव्हा लिंपण गळून भेग उघडी पडलेली दिसली. वहिनींनी भेगेत हात घालून बघितला. आपल्याला फसवलं, म्हणाल्या.

"राघवला ठाऊक नसंल," गुरुजी म्हणाले. "ठाऊक असतं तर तो बोलला असता."

तसं पत्रही त्यांनी नांदेडला धाडलं. तुमच्या ध्यानात आलं नसेल म्हणून कळवतो, असं लिहिलं. मायलेकींना शेजारी झोपायला पाठवलं. भिंत उतरवायला सोमवारी गवंडी यायचा होता. आदल्या दिवशी इराची पुस्तकं काढायला गुरुजी माझ्यापाशी आले. माझं एक दार उघडं होतं. तेवढ्यात भिंत आमच्या अंगावर आली.

तिसऱ्या दिवशी राघवेंद्रराव आले. पत्र त्यांच्या खिशात होतं. ते बसले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "मला माहीत होतं."

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तुमची भेट घेऊन जा."

आता मी नांदेडला राघवेंद्ररावांच्या घरात आहे. माझं एक दार मोडलेलं आहे. दुसरं ते कधी उघडत नाहीत. माझ्यासमोरून जाताना मान फिरवतात.

मित्रांनो, घर दलालाकडून घ्या नाहीतर ओळखीत घ्या, पण भिंतीला टेकलेली वस्तू हलवून बघायला लाजू नका. आणि घर तुमचं असेल, तर ती आपल्या हाताने हलवून दाखवा. मला आपणहून हलता येत नव्हतं, हे खरं. पण ते सांगून माझी लाज कमी होत नाही.

उद्धव गुरुजी चौदा जुलै दोन हजार दोन रोजी, रविवारी दुपारी, त्या भिंतीखाली वारले. त्यांचं वय सत्तेचाळीस होतं.