बुर्गी आत्याची घसरगुंडी

बुर्गी आत्याला मिठाची खाण दाखवायची असं बाबांच्या मनात फार दिवसांपासून होतं, आणि आत्याही तितकेच दिवस टाळत होती. ऑस्ट्रियातल्या आमच्या श्टायरपासून खाण काही लांब नाही, सकाळी गाडीने निघालं की दुपारचं जेवण तिथेच डोंगरात होतं. आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक पोराला एकदा तरी तिथे नेतात. आत्याच्या वर्गाची सहल गेली तेव्हा तिला गोवर निघाला होता. पुढे ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी सहलीला जाणाऱ्या पोरांचे डबे भरत राहिली, स्वतः मात्र कधी गेली नाही. मीठ माझ्या बरणीत आहे, ते बघायला डोंगराच्या पोटात कशाला शिरू, असं तिचं म्हणणं.

खरं कारण वेगळं होतं. तिथल्या लाकडी घसरगुंड्यांची तिला धास्ती होती. पूर्वी खाणकामगार एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरायला त्या वापरत, आता पाहुणे वापरतात. बाजूला जिना असतो, पण जिन्याने जाणाऱ्याला बाकीचे हसतात, आणि लोकांनी आपल्याला हसलेलं आत्याला चालत नसे.

आत्याचं पूर्ण नाव नोटबुर्गा. उंच, रुंद हाडाची, आणि आवाज असा की तीनशे पोरं एका हाकेत रांगेत उभी राहायची. लग्न केलं नाही. माझी आई गेली तेव्हा बाबा जेवेनासे झाले होते. त्यांना चार दिवस सांभाळायला म्हणून आत्या आली आणि राहिली. तेव्हापासून आमच्या घरात सकाळ संध्याकाळ बाबांच्या नावाने एकच आवाज: फेर्डल, बटण लाव. फेर्डल, पाय पूस. फेर्डल, तिसरा पाव कशाला हवाय तुला? बाबा रेल्वेत सिग्नलवर होते, त्यामुळे शांतपणे वाट बघायची त्यांना सवय. ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचे आणि मग स्वतःला हवं तेच करायचे.

सप्टेंबरात आत्याला सत्तर वर्षं झाली. बाबांनी तिला न विचारता तिघांची तिकिटं काढून आणली. काढलेली तिकिटं वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ती आली. गाडी मी चालवत होते. सबंध रस्ताभर ती मला गिअर कधी बदलायचा ते सांगत होती, आणि तिला स्वतःला गाडी येत नाही.

खाणीच्या तोंडाशी सगळ्यांना कपड्यांवरून घालायला करडे डगले आणि विजारी दिल्या. पंचवीसेक माणसं होतो आम्ही, आणि ते घातल्यावर सगळेच एकसारखे दिसायला लागलो, एकाच गिरणीतून निघालेल्या पिठाच्या पोत्यांसारखे. घसरगुंडीवर चष्मा पडेल म्हणून आत्याने तो पर्समध्ये ठेवला आणि पर्स कपाटात बंद केली. चष्म्याशिवाय तिला चार हातांवरचं माणूस म्हणजे नुसता आकार दिसतो. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली की आत अंधारच आहे, बघायचंय काय.

आम्हाला आत नेणारी मुलगी मागडालेना नावाची होती, काळा पितळी बटणांचा कोट घातलेली. तिने खाणकामगारांची जुनी रीत म्हणून सगळ्यांकडून मोठ्याने "ग्लुक आउफ" म्हणवून घेतलं. सुखरूप वर या, असा त्याचा अर्थ. आत्याने ते सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मग आम्ही खाणीतल्या छोट्या रुळांवरच्या गाडीच्या लांब बाकावर घोड्यावर बसल्यासारखे एकामागे एक बसलो आणि गाडी डोंगरात शिरली. गार वारा थेट कानात जात होता. बोगदा इतका अरुंद की गुडघे आवळून बसावं लागत होतं.

गाडीतून उतरल्यावर बाबांच्या बुटाची नाडी सुटली. ते वाकले, मी त्यांच्याजवळ थांबले, आणि आत्या गर्दीबरोबर पुढे गेली. आम्ही निघालो तेव्हा पुढून तिचा आवाज आला, "फेर्डल, चेन वर ओढ. छातीत वारा भरेल."

बाबा माझ्या शेजारी होते. पुढे आत्याच्या बाजूला बाबांच्याच उंचीचा, तसाच गोल अंगाचा आणि तशीच हिरवी लोकरी टोपी घातलेला एक गृहस्थ चालत होता. त्याने निमूटपणे चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आणि हात खिशातून काढ. पडलास तर तोंडावर पडशील."

त्याने हात बाहेर काढले.

मी हाक मारणार तेवढ्यात बाबांनी माझी बाही धरली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला आधी वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मग कळलं की ते हसू दाबत होते.

"रेगिना, पाच मिनिटं," ते म्हणाले. "मला फक्त पाच मिनिटं दे."

त्या पाच मिनिटांत बाबांनी भिंत चाटून पाहिली. भिंत चाटायची नाही, हजार लोक हात लावतात, असं आत्याने घरून येतानाच बजावलं होतं. मीठ चांगलं आहे, थोडं कडवट आहे, असं त्यांनी मला सांगितलं. मग ते मागडालेनाशी गप्पा मारत राहिले, डोंगरात मीठ धरून ठेवणाऱ्या मातीविषयी नाही नाही ते प्रश्न विचारले, आणि पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली. पुढे आत्या त्या माणसाला खोकल्याचं औषध घेतलंस का म्हणून विचारत होती आणि तो मान हलवत होता.

मग घसरगुंडी आली. दोन गुळगुळीत लाकडी ओंडके, तिरके, खालच्या अंधुक उजेडात हरवलेले. दोघादोघांनी बसायचं, मागच्याने पुढच्याला घट्ट धरायचं. आत्या कठड्याशी थबकली. आम्ही रांगेत बरेच मागे होतो, पण तिथे बारीक आवाजही घुमून मोठा होतो. ती त्या माणसाला म्हणाली, "तू जा. मी जिन्याने येते. लोकांना हसू दे." असं ती आयुष्यात कधी म्हणाली नसेल.

तो माणूस पहिल्यांदा बोलला. "मी पुढे बसतो. धर मला," एवढंच.

ती बसली. तिने दोन्ही हातांनी त्याच्या पोटाला मिठी मारली आणि डोळे मिटले. दोघं खाली गेले. मध्यावर कॅमेऱ्याचा झगझगाट झाला, आणि पाठोपाठ खालून हसणं आलं. भरभरून, थांबता न येणारं, शाळकरी मुलीचं हसणं. मला ओळखूच आलं नाही.

बाबांचं दाबलेलं हसू गेलं. "आमच्या टेकडीवर बर्फातून फळीवर घसरायचो, तेव्हा हसायची अशी," ते म्हणाले. "मी विसरलोच होतो."

पुढे दुसरी घसरगुंडी होती, पहिलीपेक्षा लांब. तिच्याकडे आत्या त्या माणसाला दंडाला धरून ओढतच घेऊन गेली.

सगळ्यात शेवटी तळं. काळं, खारट, काचेसारखं स्थिर. त्यावरून सपाट होडीने पलीकडे जायचं. दिवे मंद करतात आणि कुणी फारसं बोलत नाही. होडीत आम्ही अगदी आत्याच्या मागच्याच फळीवर आलो. आता सांगायलाच हवं होतं. बाबा तिच्या खांद्याला हात लावायला पुढे वाकले, आणि तेव्हाच ती बोलायला लागली. हळू बोलत होती, तिला जमेल तितकं हळू.

"फेर्डल, मी तुला फार बोलते. मला माहीत आहे. मी आले तेव्हा तुझं घर इतकं गप्प होतं की मला भीती वाटायची, म्हणून मी बोलत सुटले. आता तुला माझी गरज नाही, हेही मला दिसतं. गेल्या वर्षापासून दिसतंय. पण जाऊ कुठे, हे काही मला सुचत नाही."

बाबांचा हात हवेतच राहिला. त्या माणसाने खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. आत्याने नाक शिंकरलं, रुमाल बघून म्हणाली की इस्त्री बरी केली आहेस, आणि होडी पलीकडे लागली.

बाहेर आलो तेव्हा उजेडाने डोळे दिपले. डगले परत दिले, आत्याने पर्स काढली, चष्मा लावला आणि दाराजवळच्या पडद्याशी जाऊन उभी राहिली. तिथे घसरगुंडीवरचे फोटो एकामागून एक येत होते. तिचा आला. तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले, आणि मिठीत एक पांढऱ्या मिशांचा अनोळखी माणूस, आनंदाने लाल झालेला. बाबांना मिशी नाही.

तिने फोटो पाहिला, मग शेजारी टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या गृहस्थाला पाहिलं, मग आम्हाला.

"तुला माहीत होतं?" तिने बाबांना विचारलं.

"हो."

ती एक शब्दही न बोलता बाहेर गेली आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाबा पायरीवर उभे राहिले, त्यांना पुढे होता येईना. पण तो माणूस फोटोची प्रत घेऊन सरळ गाडीकडे गेला. मीही गेले, कारण किल्ली माझ्याकडे होती. त्याने काचेवर बोटाने टकटक केलं. आत्याने काच अर्धीच खाली घेतली.

त्याने नाव सांगितलं, गेबहार्ड. इन्सब्रुककडचा, रोपवेच्या दुरुस्तीवर जन्म गेला, आता एकटाच फिरतो. आत्याने आपल्याला माफ करावं, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, असं तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीत?" आत्याने विचारलं. "मी तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही मला थांबवायला हवं होतं."

"बायको गेल्यापासून मला कुणी चेन वर ओढ म्हणालं नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, अजून एक वाक्य ऐकू. मग अजून एक. तळ्यावरचं बोलणं मात्र माझ्यासाठी नव्हतं. ते मी कुणाला सांगणार नाही."

आत्या पलीकडच्या खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मग म्हणाली, "तुमचा रुमाल माझ्याकडे आहे. धुऊन देईन."

"आता अहो-जाहो नको," गेबहार्ड म्हणाला. "खाली अरे-तुरे करत होतीस, तेच मला सोयीचं पडतं."

आत्याला हसू आवरलं नाही. दार उघडून ती उतरली आणि म्हणाली की डोंगरातल्या गारठ्यात टोपी हातात घेऊन उभं राहणाऱ्या माणसाला अक्कल कमी असते, घाल ती डोक्यात. त्याने घातली.

आम्ही चौघं गावातल्या खाणावळीत जेवलो. सूप आलं, मग जर्दाळू भरलेले पिठाचे गोळे आले. गेबहार्डने चौथा गोळा घेतला तेव्हा आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो त्याने बाबांच्या ताटात ठेवला. गोळा तसाच पुढ्यात ठेवून ते एकदम म्हणाले, "बुर्गी, होडीत मी तुझ्या मागे होतो. मी ऐकलं."

आत्याचा चमचा थांबला.

"घर तुझंच आहे," बाबा म्हणाले. "तू नसतीस तर मी तेव्हाच संपलो असतो. पण माझ्यासाठी अडकून पडू नकोस. मला अंडं उकडता येतं."

"तुला अंडं उकडता येत नाही," आत्या म्हणाली. "तू विसरतोस आणि भांडं जळतं." पण तिने टेबलावरून हात पुढे केला आणि बाबांचा हात दाबला, आणि तो बराच वेळ सोडला नाही. गेबहार्ड खिडकीतून डोंगर बघत बसला.

रुमाल द्यायला आत्या स्वतः जाणार नव्हती, म्हणून गेबहार्डच एका रविवारी तो न्यायला आला. त्याच्या स्वेटरचं कोपर फाटलं होतं. ते रफू करायला वेळ लागला आणि तो जेवायला थांबला. पुढच्या रविवारी दुसरं कोपर फाटलं होतं. बाबांनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की हा माणूस हे मुद्दाम कात्रीने करतो आहे, धागे सरळ कापलेले आहेत. आत्याच्या लक्षात आलं असणारच, रफू तीच करत होती.

वसंतात आत्या आणि गेबहार्ड पोलंडला गेले, तिथली मोठी मिठाची खाण बघायला. मग सीमेपलीकडे जर्मनीतल्या बेर्श्टेसगाडनला, कारण तिथली घसरगुंडी लांब आहे असं कुणीतरी आत्याला सांगितलं होतं. ती तीनदा घसरली आणि परत आल्यावर आम्हाला म्हणाली की बरी होती, पण आपल्याकडच्या लाकडासारखं लाकूड नाही. त्या उन्हाळ्यात ती इन्सब्रुकला राहायला गेली. लग्न करणार का असं मी विचारलं, तर म्हणाली की या वयात नवं आडनाव पाठ करायला तिला सवड नाही.

बाबा आता एकटे असतात आणि चांगले जेवतात. सिग्नलवरचे जुने दोस्त गुरुवारी पत्ते खेळायला येतात, तेव्हा बाबा कांद्याचा रस्सा करतात आणि तो खरंच चांगला होतो. तरी दर रविवारी सकाळी ते आत्याला फोन लावून विचारतात की पिठाचे गोळे पाण्यात किती वेळ ठेवायचे. आत्या सांगते, वर गेबहार्डला कालच कसं बजावलं तेही सांगते, आणि पलीकडून गेबहार्ड मोठ्याने हो म्हणतो. फोन ठेवला की बाबा गोळे खायला बसतात, ते त्यांनी फोन लावायच्या आधीच शिजवून ताटात काढून ठेवलेले असतात.