सातव्या चंद्रावरचं पाणी

नरेंद्रने सीडी बनियनच्या टोकाला पुसली, उजेडात तिरकी धरून पाहिली आणि समाधान न झाल्यासारखी पुन्हा पुसायला घेतली. त्याची मुलगी मनाली प्लेअरपुढे मांडी ठोकून बसली होती. बापाचा हा सोहळा बघून ती आता कंटाळली होती.

"पप्पा, लावा ना. झिजून जाईल ती."

"थांब गं. वीस वर्षं थांबलोय मी. तुला दोन मिनिटं धीर निघत नाही?"

सोफ्याच्या कडेला त्याची थोरली बहीण विशाखा बसली होती. अंबरनाथहून बदलापूरला भावाकडे तिचं येणंजाणं असायचंच, पण आजचं बोलावणं खास होतं. रविवारी जेवायलाच ये, असा फोन आला होता आणि कशासाठी ते काही केल्या सांगितलं नव्हतं. जेवणं उरकल्यावर नरेंद्रने कपाटावरून एक प्लास्टिकची पिशवी काढून तिच्यापुढे धरली. आत दोन सीड्या होत्या. कव्हर म्हणजे रंग उडालेली झेरॉक्स. त्यावर कपाळाला लाल दिवे लावलेली माणसं, आणि वर हिंदीत नाव: 'सातवाँ चाँद'.

विशाखाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"ओळखलंस?" नरेंद्रने विचारलं. तो नुसता फुलून गेला होता.

"ओळखलं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये तो मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेला होता. शेजारच्या सीडीच्या दुकानात सहज डोकावला, तर खोक्यात तळाशी हे. "पुराना माल है साहब, कोई पूछता नहीं," असं म्हणत दुकानदाराने ते जवळजवळ फुकटातच दिलं. सिरियलचे सुरुवातीचे सहा भाग. नरेंद्रने हे सगळं हातवारे करून सांगितलं. स्वयंपाकघरातून त्याची बायको प्रीती ओरडली, "मिक्सर आणला का पण? तो तिकडेच राहिलाय, ताई. चार दिवस चटणी पाट्यावर वाटतेय मी."

विशाखा हसली खरी, पण तिचं लक्ष त्या कव्हरवरून हलत नव्हतं.

ती तेरा वर्षांची होती आणि नरू दहाचा, तेव्हाची गोष्ट. अंबरनाथला फॅक्टरीच्या कामगार वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. जांभळं काढायला चढलेला नरू फांदीसकट खाली आला आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. त्याच दिवसांत दूरदर्शनवर 'सातवाँ चाँद' सुरू झाली. शाळेतली सगळी पोरं दुसरं काही बोलतच नव्हती. नरूकडे टीव्ही नव्हता आणि पाय तर बांधलेला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवायला उठवलं तरी उठेना. तेव्हा विशाखाने त्याला शब्द दिला, की दर रविवारी मी बघून येईन आणि तुला सगळं सांगेन.

रस्त्यापलीकडे साहेब लोकांचे क्वार्टर्स होते. त्यातल्या एका घरी वृंदाकाकूंचा रंगीत टीव्ही होता. पहिल्या रविवारी विशाखा केस विंचरून, धुतलेला फ्रॉक घालून त्यांच्या दारात उभी राहिली. वृंदाकाकू काही वाईट बाई नव्हती. ती हसून म्हणाली, "अगं, आत्ता आमच्याकडे मंडळी आहेत. नंतर ये हं कधीतरी." आणि दार हळूच लावून घेतलं. ते नंतर काही आलं नाही.

विशाखा मात्र घरी परतली नाही. घराच्या बाजूला जास्वंदीचं कुंपण होतं, त्याच्याआड खिडकी. खिडकी बंद, पण पडदा अर्धाच. तिथून टीव्ही छान दिसायचा. ऐकू मात्र काडीचंही यायचं नाही. तिने काचेला कान लावून पाहिला, तर आतल्या पंख्याची घरघर तेवढी कळली.

तिची आई गयाबाई गरीब असली तरी मानी होती. तिचा एकच दंडक होता: कुणाच्या खिडकीशी उभं राहायचं नाही. बोलावलं तर आत जाऊन बसायचं, नाहीतर आपलं घर बरं. म्हणून घरी आल्यावर विशाखाने सांगितलं, आत बसले होते, चटईवर. काकूंनी चिवडासुद्धा दिला. आणि मग नरूच्या उशाशी बसून तिने गोष्ट सांगायला घेतली.

चित्रं खरी होती. शब्द तिला आणायला लागले. लांबलचक जिना, त्यावरून उतरणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्याच्या हातातला पत्र्याचा डबा, खाली रांगेत उभी असलेली लाल दिव्यांची माणसं; एवढं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारा कोण, डब्यात काय, माणसं का उभी, हे तिलाच ठरवणं भाग होतं. त्यांचे वडील, भगवानदादा, दर मार्चमध्ये महाडला जाऊन यायचे आणि आल्यावर मुलांना तळ्याची गोष्ट सांगायचे. विशाखाने ती उचलली आणि चंद्रावर नेऊन ठेवली. त्या चंद्रावर एक तळं होतं. लाल दिवेवाल्यांना तिथे जायची बंदी होती. तहान लागली की कपाळावरचा दिवा पेटायचा. म्हातारा म्हणजे आजोबा. ते पृथ्वीवरून डब्यात पाणी घेऊन आले होते, माणसांना धीर द्यायला, चव दाखवायला. प्या, मग आपण सगळे मिळून तळ्यावर जाऊ.

नरू भिंतीकडचं तोंड वळवून उताणा झाला. त्या रात्री तो दोन भाकऱ्या जेवला.

ती गोष्ट पुढे कुठल्या कुठे गेली. नरू आकाशाकडे बघायला लागला तो त्या प्लास्टरमधून. आता तो शाळेत विज्ञान शिकवायचा, पोरांना गच्चीवर नेऊन शनी दाखवायचा, आणि दर वर्षी नव्या वर्गाला सातव्या चंद्रावरच्या तळ्याची गोष्ट सांगायचा. गेल्या जुलैत उल्हास नदी बदलापूरला त्यांच्या मांजर्लीत शिरली, इमारतीचा खालचा मजला बुडाला, तेव्हा वरच्या जिन्यात रडणाऱ्या मनालीला त्याने हीच गोष्ट सांगून शांत केलं होतं. ताईने पाहिलं म्हणून मला दिसलं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांपुढे तो ते म्हणाला की विशाखाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगून टाकावं असं तिला कितीदा वाटलं होतं. पण सांगायचं तर खिडकीही सांगावी लागली असती, आणि ते तिच्याच्याने होत नव्हतं.

आणि आज हा वेडा तिला समोर बसवून खरी सिरियल लावत होता.

"नरू, मी निघू का? घरी कपडे भिजत टाकलेत," ती म्हणाली.

"कपडे कुठे पळून जातायत? बस गं. तुझ्याशिवाय काय मजा!"

सीडी गुरगुरली. पडद्यावर आधी निळ्या रेघा आल्या, मग चांदण्या. चांदण्या कसल्या, काळ्या कापडाला पाडलेली भोकं, पण मनाली हरखली.

"आता जिना येणार," तिने जाहीर केलं.

जिना आला.

"आता लाल दिवे!"

लाल दिवे आले. मनाली टाळ्या पिटत गुडघ्यांवर उभी राहिली. नरेंद्रने अभिमानाने बहिणीकडे पाहिलं. "बघ, काय स्मरणशक्ती आहे तुझी! जसंच्या तसं." विशाखा ओढणीच्या टोकाची बारीक बारीक घडी घालत राहिली.

मग जिन्यावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. हातात तोच पत्र्याचा डबा.

"आजोबा!" मनाली ओरडली.

म्हाताऱ्याने डबा उंच धरला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि गडगडाटी हसला. "आज से तुम सब मेरे गुलाम हो!" डब्यातून फुस्स करून धूर निघाला. लाल दिव्यांची माणसं एकेक करून त्याच्यापुढे वाकली.

मनाली हळूहळू खाली बसली.

"हे आजोबा असं का बोलतायत?"

पडद्यावरचा म्हातारा आता अणुशक्तीवर भाषण देत होता.

"पप्पा, पाणी कुठाय? आणि तळं?"

नरेंद्रने रिमोट उचलला आणि भाग मागे नेला. पुन्हा जिना, पुन्हा डबा, पुन्हा ते हसणं. या खेपेला तो पुढे झुकून बघत होता. पोरांच्या प्रयोगात काही चुकलं की बघायचा, तसं. त्याने आणखी एकदा मागे नेलं. मग त्याचं बघणं पडद्यावरून सुटलं आणि विशाखाच्या हातांवर येऊन थांबलं. ओढणीची घडी आता सुपारीएवढी झाली होती.

विशाखाने मान वर केली नाही. आता हा विचारणार, लेकीसमोर विचारणार, आणि आपल्याला खोटं बोलताही येणार नाही. वीस वर्षं जपलेलं एका दुपारी जाणार, याचं तिला रडू येत होतं.

"च्यायला," नरेंद्र म्हणाला. "फसवलं मला."

विशाखाने डोळे मिटले.

"त्या दुकानदाराने पार चुना लावला. मनू, बघितलंस? चित्र खरं आहे, पण आवाज भलत्याच कुठल्यातरी सिरियलचा चिकटवलाय. कॅम्पातला माल! म्हटलं इतका स्वस्त कसा देतोय."

मनालीने टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन निरखलं. "पण त्यांचं तोंड तर बरोबर हलतंय."

"डबिंग म्हणतात त्याला. भारी कारागीर असतात तिकडे, काय पण जुळवतात."

"खरंच?" ती आत्याकडे वळली. "आत्या, हा आवाज खोटा आहे?"

विशाखाच्या आधी नरेंद्रच बोलला, "अगं, सगळं डुप्लिकेट करतात तिथे. आवाज काय मोठासा!"

मनालीने क्षणभर विचार केला. म्हातारा वाईट निघण्यापेक्षा सीडी खोटी निघालेली तिला चालणार होती. "मग बदलून आणा."

"बदलून कशाला? खरा आवाज आहे की घरात."

त्याने रिमोटचं बटण दाबलं. म्हाताऱ्याचं भाषण मध्येच थांबलं. तोंड हलत राहिलं, हात उडत राहिले, आणि खोलीत डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी उरली. विशाखाने दचकून वर पाहिलं. नरेंद्र तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर त्या मुक्या पडद्यावर होती आणि डोळे भरून आले होते.

"ताई, काकूंच्या खिडकीला काच होती ना?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"होती."

"बंद असायची?"

"डास यायचे त्यांच्याकडे."

"आणि चिवडा?"

"चिवडा नव्हता रे, नरू."

त्याने मान हलवली. बाहीने तोंड पुसलं, मुलीच्या लक्षात यायच्या आत. प्रीती भज्यांची ताटली घेऊन आली आणि टीव्हीचा आवाज गेलाय का विचारू लागली, तर त्याने तिला हातानेच बस म्हणून खुणावलं. भाग पुन्हा सुरुवातीला नेला, पायाजवळचं स्टूल ओढलं, उजवा पाय उचलून त्यावर सरळ ठेवला आणि सोफ्यावर मागे रेलला.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

विशाखाच्या हातातली घडी सुटली. तिने एकदा त्या स्टुलावरच्या पायाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. जिना पुन्हा आला होता. मनाली सरकत सरकत तिच्या गुडघ्याला येऊन टेकली.

"त्या चंद्रावर एक तळं होतं," विशाखा म्हणाली. आवाज आधी जरा कापला, मग सापडला. "पण ते सगळ्यांसाठी नव्हतं."

म्हाताऱ्याने डबा उघडला. लाल दिव्यांची माणसं एकेक करून खाली वाकली.

"पितायत," मनाली म्हणाली.