भिंतीवरची माझी जागा

मी एक जुना दहा नंबरचा पाना आहे आणि या घराच्या मालकाचा मला मनापासून राग आहे. मित्रांनो, हत्यारांनी गोडच बोलावे असा काही नियम नाही.

कारखान्यात घणाखाली माझा जन्म झाला. युद्धाच्या दिवसांत मी विमाने दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये आलो आणि मालकाच्या आत्यांच्या हाती पडलो. त्या तिथे इंजिनाच्या मिस्त्री होत्या. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली असे. काम संपले की हत्यार आपल्या आकृतीवर टांगायचे. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागचे हलवायचे नाही.

एका सकाळी माझी आकृती रिकामी होती आणि विमानाचा पंखा फिरू लागला होता. आत्या धावत जाऊन विमानापुढे उभ्या राहिल्या.

"एका पान्यासाठी?" मुकादम खेकसला.

"चूक माझीच आहे. पण तो सापडेपर्यंत हे उडणार नाही."

मी वैमानिकाच्या खुर्चीखाली, सुकाणूच्या दांड्याला टेकून पडलो होतो. तो दांडा आकाशात अडकला असता, तर आज ही गोष्टच नसती. पण शाबासकी कोणी दिली नाही. आत्यांना युद्ध संपेपर्यंत तेलाचे डबे धुवायला बसवले आणि मुकादमाने मला त्यांच्या अंगावर भिरकावले.

त्यांनी मला घरी आणले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगून भोवती पेन्सिलीने रेघ काढली. बाहेर जाताना त्या आधी भिंतीकडे बघत. मालकाच्या लहानग्या मुलीलाही त्यांनी तीच सवय लावली.

मालक मात्र चारचौघांत हसून सांगे, "आमच्या आत्याने युद्धात काय केलं? पाना हरवला."

"हो, हरवला होता," आत्या म्हणत. तेव्हा मला मालकाच्या अंगठ्यावर पडावेसे वाटे.

आत्या गेल्या आणि माझी रया गेली. मालकाने मला वापरून खिळे ठोकले, रंगाचे डबे उघडले. मध्यंतरी एकदा गाडी दुरुस्त केली आणि मला इंजिनावर, पंख्याजवळ विसरून तो खुशाल जेवायला गेला. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी नोकरीवर रुजू व्हायला तीच गाडी घेऊन निघणार होती.

सकाळी चावी घेताना तिने भिंतीकडे पाहिले.

"बाबा, पाना कुठे आहे?"

"असेल कुठेतरी. तुला उशीर होतोय."

"तो सापडल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही."

"एका पान्यासाठी?"

शब्द मुकादमाचे, सूरही त्याचाच. मुलीने बॉनेट उघडले. मला पाहून मालकाचा चेहरा उतरला.

"इथे कोणी ठेवला हा?" त्याने विचारले. घरात माणसे दोनच.

मित्रांनो, विसरायला सगळेच विसरतात. आत्याही विसरल्या होत्या. पण काम झाल्यावर भिंतीकडे बघत जा आणि जागा रिकामी असेल तर चूक आपली म्हणा. मालकाला ते अजून जमलेले नाही. हल्ली तो आत्यांची गोष्ट सांगत नाही, एवढेच. आता ती त्याची मुलगी सांगते, आणि शेवटपर्यंत सांगते.